टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमके काय करायचे?

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची असून खानापूर तालुक्यातील एका गावात राहते आणि बेळगावातील एका पतसंस्थेत कारकून आहे. पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक, सासूबाईंची औषधे आणि मुलाचा डबा उरकून बस गाठते. बायकांना बस मोफत झाल्यापासून पैसे वाचतात, पण बसायला जागा क्वचितच मिळते. यजमान उद्यमबागेतील फौंड्रीत शिफ्टमध्ये काम करतात. मुलगा यंदा दहावीला आहे. कन्नडच्या पेपरची धास्ती त्याच्याइतकीच मलाही वाटते. शेताच्या वाटणीचे कागद तालुक्याला अडकले आहेत, ते सगळे कन्नडमध्ये असल्याने मला धड वाचता येत नाहीत. गेले चार-पाच महिने छातीत धडधडते, झोपेत दात आवळले जाऊन सकाळी जबडा दुखतो, रात्री तीनला जाग येते ती पहाटेपर्यंत. मिश्री पूर्वी दोनदा लावत असे, आता पाच-सहा वेळा लागते. मुलावर विनाकारण ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त आणि थायरॉईड तपासले. सगळे ठीक आहे, टेन्शन घेऊ नका, असे ते म्हणाले. योगवर्गाला जायला मला वेळ नाही. टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमके काय करायचे, ते कोणीतरी सांगावे."

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण या सदराकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांचा खरा प्रश्न तोच असतो आणि तो इतक्या सरळ शब्दांत क्वचितच कोणी विचारते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या हे उत्तम झाले. हृदयात व थायरॉईडमध्ये दोष नाही हे कळल्यामुळे पुढचे बोलणे निर्धास्तपणे करता येते. मात्र तपासणीत काही निघाले नाही म्हणजे तुम्हाला काही होत नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नका. तुमची धडधड खरी आहे आणि जबड्याचे दुखणेही खरे आहे.

माझे बालपण वडगावातील विणकरांच्या गल्लीत गेले. दिवसभर चाललेला यंत्रमाग संध्याकाळी बंद केला, तरी त्याचा खडखडाट कितीतरी वेळ कानांत चालूच राही; जेवायला बसलेली माणसे शेजारच्याशीही मोठ्याने बोलत, कारण माग थांबला आहे हे कानांना अजून पटलेले नसे. तुमच्या शरीराचे सध्या तसेच झाले आहे. संकट दिसले की शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले. अॅड्रेनलिन नावाचे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, खांदे व जबडा आवळले जातात आणि पचन मंदावते. समोर वाघ असता तर पळण्यात ती सगळी शक्ती खर्ची पडून शरीर पुन्हा निवले असते. पण सुटू पाहणारी बस, न जुळणारी रोकड आणि न वाचता येणारा कागद यांच्यापासून पळता येत नाही. माणूस जागच्या जागी बसून राहतो आणि सज्ज झालेले शरीर सज्जच राहते. एक प्रसंग निवतो न निवतो तोच दुसरा येतो, आणि माग कधी थांबतच नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, निवांत तासाची वाट पाहू नका. तुमच्या दिवसात तो तास नाही, आणि रविवारी एकदम तासभर विसावा घेऊन सहा दिवसांचा ताण उतरतही नाही. दिवसातून दहा वेळा, दोन-दोन मिनिटे, जी कामे तुम्ही करताच त्यांच्या पोटात शरीराला निवण्याची संधी द्यायची आहे.

सुरुवात श्वासापासून करा, पण 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला बाजूला ठेवा. घाबरलेला माणूस मोठा श्वास घेऊ लागला की छाती अधिकच भरते आणि गरगरते. महत्त्व श्वास सोडण्याला आहे. नाकाने सावकाश चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत घ्या आणि ओठांचा लहानसा चंबू करून, बशीतला गरम चहा निववण्यासाठी आपण जशी हळू फुंकर घालतो तशी फुंकर घालत, सहा आकडे मोजेपर्यंत तो सोडा. श्वास मध्ये रोखून धरायचा नाही. अशा एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. याचा प्रत्यय घ्यायचा असेल तर स्वस्थ बसून डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची दोन बोटे ठेवा आणि नाडी चाचपत श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ पडतात आणि सोडताना लांबतात, हे बऱ्याच जणांना बोटांखाली स्पष्ट कळते. मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक नस (मज्जातंतू) आहे. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो आणि ती हृदयाला सबुरीने घ्यायला लावते. आपण हृदयाला हुकूम देऊ शकत नाही, पण श्वासाच्या वाटेने त्याला विनंती मात्र करू शकतो.

इटलीतील काही डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळी माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची लय सुधारते. हे वाचले तेव्हा मला गावोगावच्या भजनी मंडळांची आठवण झाली. अभंगाची ओळ एका श्वासात लांबवून गाणारी बाई नकळत हाच व्यायाम करत असते. तुमची श्रद्धा असेल तर पहाटे चुलीपाशी, कुकरची शिटी होईपर्यंत, पाठ असलेला अभंग हळू आवाजात म्हणा. श्रद्धा नसेल तर नुसते आकडे मोजा. शरीराला दोन्ही चालतात.

आता बसकडे येऊ. खानापूर ते बेळगाव हा पाऊण-एक तासाचा प्रवास तुम्ही रोज दोनदा करता, आणि बहुतेक वेळा उभ्यानेच करता. पुढच्या वेळी दांडा धरलेल्या स्वतःच्या मुठीकडे पाहा. बस वळणावर नसतानाही बोटांची पेरे पांढरी पडली आहेत, खांदे कानांकडे सरकले आहेत आणि वरचे दात खालच्या दातांवर दाबून बसले आहेत, असे तुम्हाला आढळेल. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकात एक साधी गोष्ट पद्धतशीरपणे मांडली: स्नायू सैल कसा असतो हे आपण विसरून गेलेले असतो, म्हणून तो आधी मुद्दाम आवळावा आणि मग सोडून द्यावा, म्हणजे फरक कळतो. दांडा सहा-सात सेकंद घट्ट आवळा, नंतर तोल जाणार नाही इतपतच धरून बाकीची पकड सोडून द्या आणि त्या सैलपणाकडे वीसेक सेकंद लक्ष द्या. मग खांदे वर उचलून खाली सोडा, नंतर पायांची बोटे चपलेत आवळून सोडा. जबडा मात्र आवळू नका, तो आधीच थकलेला आहे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे अलगद टेकवा, ओठ मिटलेले आणि दात विलग असू द्या. टपाल खात्याच्या शिक्क्याप्रमाणे प्रत्येक थांब्यावर एकदा 'दात विलग आहेत का' एवढेच स्वतःला विचारायचे. दिवसा ही सवय लागली की रात्रीचे आवळणेही पुष्कळांचे कमी होते. महिन्याभरातही जबड्याचे दुखणे गेले नाही, तर दंतवैद्यांना दाखवा; दात झिजू नयेत म्हणून रात्री लावायची पट्टी मिळते.

सध्या नट्टीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आहेत. खिडकी उघडी असेल तर बाहेर पाहा, आणि नुसते पाहू नका, मनात नोंद करत पाहा: चिखलणी झालेले वावर, इरले पांघरून वाकलेल्या बायका, रोपांच्या पेंढ्या, ओल्या मातीचा वास, काचेवरून ओघळणारे पाणी. पुढे काय होईल या विचारात गुंतलेले मन डोळ्यांसमोरच्या पाच वस्तू मोजायला लावले की तेवढा वेळ तरी वर्तमानात येते. हाच प्रवास मोबाइलवरचे गट वाचण्यात घालवला तर दहा घरांची भांडणे तुमच्या पिशवीत येऊन पडतात.

मुलावर ओरडण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या वाक्याखालची तुमची तगमग मला जाणवली. तुम्ही मुलावर ओरडता ते बहुधा घरात पाऊल टाकल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. हिशेबाचा ताण, बसमधली रेटारेटी आणि भूक एकाच वेळी उंबऱ्यापर्यंत येतात. आत दिवा लावायचा असतो, गॅसवर भात चढवायचा असतो आणि वही उघडी टाकून बसलेला मुलगा नेमका तेव्हाच नजरेस पडतो. आपल्याकडे बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुऊन आत यावे अशी जुनी रीत आहे. ती रीत पूर्ण वेळ घेऊन पाळा. पिशवी सोप्यात ठेवा, कोणाशीही न बोलता थेट मोरीत जा आणि घोट्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत हात व चेहरा गार पाण्याने सावकाश धुवा. चेहऱ्याला गार पाणी लागले की हृदयाची गती थोडी उतरते, हा शरीराचा स्वभाव आहे. मग टॉवेलने चेहरा टिपून, सोप्यात भिंतीला टेकून पाच मिनिटे बसा आणि पंधरा-वीस वेळा श्वास सोडा. घरातल्यांना एकदाच शांतपणे सांगून ठेवा: "आई आली की पाच मिनिटे तिला काही विचारायचे नाही." सासूबाईंना ते सुरुवातीला विचित्र वाटेल, पण आठ दिवसांत अंगवळणी पडेल. आणि एखाद्या दिवशी ओरडलातच, तर रडायला मोरीत जाण्याऐवजी मुलाजवळ जाऊन "मघाशी माझे चुकले, मी दमले होते" एवढेच बोला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आईचा राग पचतो. आईच्या रागाचे कारण आपण आहोत असे वाटणे मात्र पचत नाही.

रात्री तीनला जाग येण्यामागे दोन-तीन कारणे एकत्र असावीत. संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर तुम्ही चहा घेतच असणार. चहातील कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे झोपायच्या वेळी ते अर्धेअधिक अंगात असते. तो चहा दुपारी ऑफिसातच घ्या आणि घरी आल्यावर धणे-जिऱ्याचे, गूळ घातलेले कषाय करून प्या. गरम काहीतरी हातात असावे ही तलफ त्याने भागते. तुमचे वयही लक्षात घ्या. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत संप्रेरकांच्या चढउतारामुळे रात्री जाग येणे, घाम फुटणे आणि धडधडणे होऊ शकते. पाळीत फरक पडला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. संकोच करू नका, कारण ही माहिती नसेल तर त्यांचे निदान अपुरे राहते.

जाग आल्यावर घड्याळ पाहू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणात कूस बदलत राहण्यापेक्षा उठून सोप्यात येऊन बसा, मंद दिव्यात तांदूळ निवडा किंवा कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत जा. अंथरूण म्हणजे काळजीची जागा, अशी शरीराची समजूत होऊ द्यायची नाही.

आणि त्या काळज्यांसाठी दिवसा जागा करून द्या. 'विचार करू नकोस' म्हटल्याने विचार थांबत नाहीत. पण 'आत्ता नको, सातला' म्हटले तर ते बऱ्याच अंशी ऐकतात. टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हा उपाय तपासला होता: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास काळजी करायची आणि एरवी आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची. त्यांच्या पाहणीत अशा माणसांची दिवसभराची काळजी कमी झाली. तुम्हाला अर्धा तास मिळणार नाही, पंधरा मिनिटे पुरतील. मात्र ती झोपायच्या आधी लगेच नकोत. दोन रुपयांच्या पेनाने शाळेच्या वहीत लिहा. प्रत्येक काळजीखाली 'यात मी उद्या काय करू शकते' एवढाच प्रश्न लिहा आणि उत्तर असेल तर एका ओळीत मांडा. नसेल तर 'काही नाही' असे स्पष्ट लिहून पुढे जा. कोणी वाचेल अशी भीती असेल तर पान फाडून सकाळी पाणी तापवायच्या चुलीत टाका. लिहिताना पहिले एक-दोन दिवस मन उलट जडच होते, तेवढ्यावरून सोडू नका.

ही वही उघडली की आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. तुमचा सगळा ताण श्वासाने जाणारा नाही, कारण त्यातील काही भाग ताण नसून निव्वळ ओझे आहे, आणि ओझ्यावर उपाय म्हणजे ते वाटून घेणे. कन्नड कागदांचेच घ्या. सीमाभागातील कितीतरी मराठी घरांत असा कागद आला की घर गप्प होते. न समजणारा मजकूर असतो त्याहून भयंकर वाटतो. तुमच्या संस्थेत कन्नड उत्तम वाचणारे सहकारी असणारच. त्यांच्यापैकी विश्वासातील एकाकडून दुपारच्या सुट्टीत तो कागद ओळीओळीने वाचून घ्या आणि त्याच कागदावर पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहा. कोणता अर्ज, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला, एवढे कळले की निम्मी धास्ती उतरेल. चिरंजीवांना वाचनात सोबत घेतलेत तर त्याच्या पेपराचीही तयारी होते, आणि घरात आपला उपयोग आहे हे त्याला कळते.

यजमानांशी बोलताना "मला मदत करा" असे मोघम म्हणू नका, कारण त्यावर "करतो की" एवढेच उत्तर येते. त्यांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात सासूबाईंची रात्रीची औषधे आणि जेवणानंतरची भांडी त्यांच्याकडे, असे नाव घेऊन ठरवा. भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा माणूसही दमलेला असतो, हे मला मान्य आहे; पण तुमचा दिवस साडेचारला सुरू होतो, हे त्यांनी बहुधा कधी मोजलेले नसेल. भांडणाच्या भरात नव्हे, एखाद्या रविवारी चहा पिताना ते मोजून दाखवा.

मिश्रीबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मला आदर वाटतो, कारण आपल्या भागातील असंख्य बायका ती लावतात आणि कोणी बोलत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हृदयाची गती वाढवते, म्हणजे ज्या धडधडीसाठी तुम्ही ती लावता ती धडधड तीच वाढवते. लावल्यावर वाटणारा आराम हा मुख्यतः तलफ भागल्याचा असतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. एकदम सोडवत नसेल तर दुपारच्या दोन वेळा आधी गाळा, त्या वेळी बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा आणि तीन मिनिटे श्वास सोडण्याचा व्यायाम करा. तलफ लाटेसारखी असते, काही मिनिटांत ओसरते.

चालण्याचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून एवढेच लिहिते की पाऊस उघडेल तेव्हा एक थांबा आधी उतरून दहा मिनिटे चालत संस्थेत पोहोचा, आणि पावसाची झड असेल तेव्हा घरच्या सोप्यात फेऱ्या मारा.

काही खुणा मात्र दिसल्या तर या घरगुती उपायांवर विसंबू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागेनासे झाले, जेवण तुटले, आपण नसतो तर बरे झाले असते असा विचार डोकावला किंवा जीव घाबरा होऊन आता मरणार असे झटके वारंवार येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि अधिक गरज पडली तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला दूर नाही. छातीत कळ येऊन ती हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, दरदरून घाम फुटला, तर ते टेन्शन समजून बसून राहू नका. पूर्वीचा ईसीजी चांगला असला तरी तडक दवाखाना गाठा.

हे सगळे एकदम सुरू करू नका, नाहीतर त्याचेच टेन्शन होईल. पहिल्या आठवड्यात बसमधले विलग दात आणि घरी आल्यावर पाय धुऊन सोप्यात बसायची पाच मिनिटे, एवढ्या दोनच गोष्टी करा. दुसऱ्या आठवड्यात चहाची वेळ बदला आणि वही आणा. कागद मात्र उद्याच पिशवीत घाला आणि दुपारच्या सुट्टीत वाचून घ्या. तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा; काय जमले ते तर कळवाच, पण काय जमले नाही आणि कोणत्या वेळी जमले नाही तेही लिहा, म्हणजे त्या वेळेपुरता दुसरा काही मार्ग आपल्याला शोधता येईल.